बायपास कधी झाली?

माझी बायपास झालेली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सकाळी बागेत येणाऱ्या निम्म्या मंडळींना ती झाल्याचं पक्कं ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ती कुठल्या डॉक्टरनं केली एवढंच कळायचं राहिलंय.

मुळात व्यायाम माझ्या जिवावर येतो. आजार नाही, दुःख नाही, नुसता कंटाळा. गजर होतो, मी उठतो, मोजेसुद्धा सापडतात, आणि मग डाव्या बुटाची नाडी आडवी येते. तिच्या टोकाचं प्लॅस्टिक केव्हाच निघून गेलंय. टोक पिंजारलंय, वरच्या भोकातून एकदा निसटली की परत आत जाता जात नाही. थुंकी लावायची, पीळ द्यायचा, एक धागा आत गेला की दुसरा बाहेर राहतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा. म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस मिनिटं आली. त्यात नाडी ओवण्याचा वेळ धरायचा की नाही, यावर संघटना गप्प आहे. नवी नाडी आणावी हे मलाही कळतं. पण ती आणली की मग कारण कुठून आणू?

तरी परवा गेलो. का गेलो ते विचारू नका. टी-शर्टला खिसा, खिशात फोन, आणि प्रत्येक पावलाला फोन उडी मारतोय, म्हणून हात छातीवर डावीकडे दाबून धरलेला. नाकानं भागत नव्हतं, म्हणून तोंड उघडं. वेगाबद्दल न बोललेलं बरं. अशा अवस्थेत मी त्या बाकासमोरून गेलो.

बाकावर दोन काका बसतात. एक कानटोपीवाले, जे बोलतात. दुसरे त्यांच्या शेजारी, जे ऐकतात, पण अर्धंच. हे दोघं बागेत व्यायामाला येतात असं घरी सांगून येत असावेत. मी तरी त्यांना बाकावरून उठलेलं पाहिलेलं नाही.

"कधी झाली?" कानटोपीवाल्यांनी विचारलं.

मी थांबलो. थांबायला निमित्त हवंच होतं. "काय कधी झाली?"

"बायपास."

"छे हो. माझी नाही झाली बायपास."

"मग अँजिओप्लास्टी. स्टेंट किती टाकले?"

"एकही नाही."

"नुसत्या गोळ्यांवर निभावलं? नशीबवान आहात." मग शेजाऱ्यांकडे वळून, "गोळ्यांवर आहेत हे."

"कोण वारलं?" शेजारी म्हणाले.

"वारलं नाही अजून. गोळ्यांवर आहेत."

"काका, गोळ्यासुद्धा नाहीत. मला काहीच झालेलं नाही. मी सहज व्यायाम करायला आलोय."

त्यांनी मला पायांपासून वर न्याहाळलं. नजर छातीवरच्या हातापाशी येऊन थांबली. मी हात काढला. फोन घसरायला लागला. मी हात परत ठेवला. त्यांनी समजुतीनं मान हलवली.

"सांगायचं नसेल तर नका सांगू. आमच्या साडूनंही असंच लपवून ठेवलं होतं. ऑफिसात कळलं तर प्रमोशन जाईल म्हणून. शेवटी ऑफिसातच कोसळला. मग काय, सगळ्यांनाच कळलं."

"मग प्रमोशन?" हे मी का विचारलं, देव जाणे.

"दिलं की. फक्त टेबल खाली तळमजल्यावर आणलं."

"अहो, पण मी खरंच धडधाकट आहे."

"मग असे का चालताय?"

"असाच चालतो मी."

ते बराच वेळ गप्प राहिले. आता विषय संपला असं मला वाटलं. मग त्यांनी हळू आवाजात, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून विचारलं, "कायम?"

यावर माणसानं काय उत्तर द्यायचं? मी पुढे निघालो. मागून आवाज आला, "घाई नको! ही दुसरीच फेरी आहे तुमची, मी मोजतोय!" माझ्या हिशेबानं तिसरी होती. तिथून पुढे प्रत्येक फेरीला बाकासमोर आलो की "शाब्बास!" पलीकडून पळत येणाऱ्या एका पोराला त्यांनी हात करून ओरडून सांगितलं, "ए, जपून, पेशंट आहेत!" त्या पोरानं बिचाऱ्यानं गवतातून लांब वळसा घेतला आणि जाताजाता मला म्हणाला, "गेट वेल सून, अंकल." अंकल! हे वेगळंच दुखणं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

एवढ्यावर भागलं असतं. पण तेवढ्यात मागून सत्तरीचे एक गृहस्थ आले, मला ओलांडून पुढे गेले, आणि कानटोपीवाले आनंदानं ओरडले, "हे बघा, यांची खरी झालीये! तीन ठिकाणी!" गृहस्थ न थांबता मागे वळून म्हणाले, "धीर सोडू नका. मीसुद्धा सुरुवातीला असाच चालायचो."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली. हसण्याचं मला काही वाटलं नाही. पण पोटभर हसून, डोळे पुसून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "पण एकदा दाखवून यायचं का रे?"

आता मला याचा राग का येतो ते सांगतो. एवढी वर्षं मी घरात आडवा होतो. दिवाणावर, पंख्याखाली, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. तेव्हा दारात येऊन कुणी विचारलं नाही, "काय हो, असे का लोळताय? कायम?" लोळणाऱ्याची कुणी चौकशी करत नाही. माणूस एकदा बूट घालून बाहेर पडला, की तो गावाचा. त्याची चाल, त्याचं पोट, त्याची धाप, त्याचे मोजे, सगळ्यावर सगळ्यांचा हक्क. जाड माणूस पळाला की लोक हसतात, बारीक पळाला की "तुला काय गरज?" म्हणतात, आणि बाई पळाली की काय काय म्हणतात ते बायकांनाच विचारा, त्यातलं बरंचसं हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. आणि वर पुन्हा हेच लोक विचारतात, की तुम्हाला व्यायामाची इच्छा का होत नाही.

इच्छेवर उपदेश करणाऱ्यांचा तर मला मनस्वी वैताग आहे. "सुरुवात कर, नंतर काय मस्त वाटतं बघ!" नंतर मला मस्त वाटत नाही. नंतर मला संपलं म्हणून बरं वाटतं. दाढ काढून झाल्यावरही बरं वाटतं, म्हणून कुणी रोज सकाळी दाढ काढायला जात नाही. भाचा म्हणतो, "मामा, फक्त 21 दिवस रेट. मग सवयच लागते." हा 21 चा आकडा कुठून आला ते मी शोधून काढलं. (व्यायामाबद्दल वाचायला मला कधीच कंटाळा येत नाही. वाचताना माणूस आडवा पडू शकतो.) एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननं 1960 सालच्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' पुढे कुठं गळालं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम कधी आला, कुणास ठाऊक. म्हणजे इथंही पेशंटच!

पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 96 माणसांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून खरोखर मोजलं. त्यांचा निष्कर्ष 2009 साली आला: सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस. कुणाला 18, तर कुणाला 254. गंमत म्हणजे तो अभ्यासच मुळी 84 दिवसांचा होता. 254 हा आकडा त्यांनी गणितानं पुढे ताणून काढला. म्हणजे त्या माणसाला सवय लागेपर्यंत थांबायची संशोधकांचीही तयारी नव्हती. हा गृहस्थ कोण असेल, त्याच्या बुटाची नाडी कशी असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

भाच्याचा दुसरा उपाय जिम. तिथली ट्रेडमिल ही मूळची तुरुंगातली. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरनं 1818 च्या सुमाराला रिकाम्या बसणाऱ्या कैद्यांसाठी पायऱ्यांचं भलंमोठं चाक काढलं; कैद्यांनी ते तासन् तास चढायचं आणि कुठंच पोचायचं नाही. ब्रिटनमध्ये 1898 च्या कायद्यानं ही शिक्षा मोडीत निघाली. पण त्या कैद्यांचा एक हेवा वाटतो. आज चढायचा मूड आहे का, हे त्यांचं त्यांना ठरवावं लागत नव्हतं.

या सगळ्या वाचनात मला पटलेला माणूस एकच, जेरी मॉरिस नावाचा ब्रिटिश डॉक्टर. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या हृदयविकाराची तुलना त्यानं केली आणि 1953 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघं एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच धुरात. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर खाली-वर. हृदयविकार कंडक्टरांना कमी. पण मॉरिसचं मन तेवढ्यावर भरलं नाही. कदाचित आधीच जाड असलेली माणसं ड्रायव्हर होत असतील, म्हणून त्यानं कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या नोंदी काढून पॅंटच्या कमरेची मापं तपासली. 1956 साली तीही छापली. आणि ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, तरण्या वयातसुद्धा. विज्ञानासाठी लोक काय काय करतात! माझ्या पॅंटींची मापं वर्षवार कुणी छापली तर मी कोर्टात जाईन. मॉरिस स्वतः मात्र 99 वर्षं जगला.

मला त्यात कंडक्टर दिसतो. सकाळी सातला, थंडीत, दिवसातून शेकडो पायऱ्या चढणारा. त्याला चढावंसं वाटत असेल का? मुळीच नाही. पोटऱ्या भरून आल्या असतील, मनातल्या मनात कंपनीला शिव्या देत असेल. पण वरच्या मजल्यावर बिनतिकिटाचा माणूस बसलाय, मग जाणार कुठं? इच्छा-बिच्छा कुणी विचारलीच नाही. इच्छेचं ओझं आपल्याच पिढीच्या डोक्यावर आलं. आपल्या वरच्या मजल्यावर कुणी बसलेलंच नाही, आणि तरी उत्साहानं जिना चढायचा, वर पुन्हा त्याचा फोटो टाकायचा.

तर हा परवाचा अपमान. काल मी चिडून बागेत गेलोच नाही. संध्याकाळी खाली भेटलेल्या एका बाईंनी, ज्यांचं माझं आजवर बोलणं नव्हतं, काळजीच्या सुरात विचारलं, "घरी सोडलं का?" चौकशीअंती असं कळलं, की सकाळी मी दिसलो नाही म्हटल्यावर कानटोपीवाल्यांनी मला ॲडमिट केलं. शेजारच्या काकांनी त्याच्याही पुढचं काहीतरी ऐकलं, आणि दोन माणसं म्हणे बायकोला भेटायला निघाली होती.

त्यामुळे आज जावं लागलं. उद्याही जावं लागेल. मी गैरहजर राहिलो की बागेत माझी प्रकृती ढासळते. नाडी कापून टाकली, उरलेली खालच्या भोकांतून बांधतो. फोन घरी ठेवतो, हात मोकळे ठेवतो, तोंड बंद ठेवतो, आणि बाकासमोरून जाताना वेग वाढवतो. आज त्यांनी हे पाहिलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "डॉक्टर चांगला मिळाला हो यांना."

वेग वाढवल्यामुळे असेल, पण डावा गुडघा आता खरोखरच दुखायला लागलाय. लंगडायची मात्र सोय नाही. पलीकडच्या टोकाला एक जाड बुंध्याचं झाड मध्ये येतं आणि तेवढी दहा पावलं बाकावरून दिसत नाहीत. तिथं लंगडून घेतो.