उसनी ओळख कोणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ख्रिस्तावरच्या विश्वासातून मला माझी ओळख कशी मिळाली आणि रोजच्या जगण्यात त्या विश्वासाचा आधार कसा होतो, यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मुद्दे बरेच आहेत, पण सगळ्याचा सूर ठरतो एका वाक्याने: ‘ज्यांना स्वतःला घडवता येत नाही ते देवाकडून ओळख उसनी आणतात, आणि तुमच्यासारखे लोक साधा निर्णय घ्यायलाही बायबल उघडून बसतात.’ त्याखाली तुम्ही ‘कीव येते’ असंही जोडलं आहे.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण कीव करण्याआधी समोरच्या माणसाची थोडी तरी माहिती हवी. एका लेखावरून तुम्ही माझी अख्खी कुंडली मांडलीत, आणि वर मीच विचार न करणारी!

तुमची एक तक्रार रास्त आहे, ती आधी मान्य करते. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29व्या अध्यायातलं 11वं वचन लोक परीक्षेच्या निकालापासून नव्या नोकरीपर्यंत कशालाही लावतात. देव आपल्या भल्याचेच बेत करतो, एवढंच त्यातून उचलतात. ते वचन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या कितीतरी जणांना सुटका दिसणारच नव्हती. मान्य. पण अध्याय उघडलाच होता, तर 5 ते 7 ही वचनंही वाचायची होती. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला पकडून नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं तिथे लिहिलं आहे. यात कुठलाही गूढ इशारा नाही. शत्रूच्या शहराचं भलं चिंतायचं, हे त्या लोकांना स्वतःहून सुचलं असतं असं वाटतं तुम्हाला?

आता ते ‘उसनी ओळख’. हे मला लागलं, लपवत नाही.

मी लहानपणापासून ‘हुशार मुलगी’ होते, नंतर एका मोठ्या कंपनीतली अधिकारी झाले. तुम्ही ज्याला स्वतःला घडवणं म्हणता ते मी मनापासून केलं आहे, रात्री जागून केलं आहे. मग एका सकाळी त्या कंपनीने आमचा विभागच बंद केला. त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात भरती करावं लागलं. खिडकीवर अर्ज भरताना नाव लिहिलं, नातं लिहिलं आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन थांबलं. मागे रांग होती. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘राहू द्या रिकामं, चालतं.’ त्यांना ते सहज म्हणता आलं. मला मात्र तेवढ्या रिकाम्या चौकटीत मी स्वतःच नाहीशी झाल्यासारखं वाटलं. आता सांगा, उसनी ओळख कोणती होती? जी मी स्वतः घडवली होती तीच एका पत्राने परत घेतली गेली.

त्या दिवसांत मी मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, पुन्हा वाचत होते. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते, की तू माझा प्रिय पुत्र आहेस. हे पहिल्याच अध्यायात येतं. तोवर मार्काने त्याचा एकही चमत्कार सांगितलेला नाही, एकही प्रवचन नाही, शिष्य नाहीत. आधी पुत्र म्हटलं जातं, काम नंतर सुरू होतं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, लगेच पुढे अरण्यात सैतान घाव घालतो तो नेमका तिथेच: तू देवाचा पुत्र असशील तर करून दाखव. करून दाखव, मग तू कोण ते ठरवू. मी वर्षानुवर्षं त्याच मागणीखाली जगत आले होते. आपण देवाची लेकरं आहोत हे मला शाळेच्या वयापासून पाठ होतं, पण ते माझ्याबद्दल आहे हे मला तेव्हा कळलं.

घडवायला काही जमलं नाही म्हणून माणसं देवाकडे येतात, हे तुमचं म्हणणं येशूचा प्रेषित पौल याच्यापुढेही टिकत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात तो आपली जंत्रीच देतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचं कुळ, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), नियमशास्त्रात निर्दोष. त्याच्याकडे काय कमी होतं? आणि हे सगळं तो ख्रिस्तापुढे कचऱ्यात काढतो. डीट्रिख बॉनहोफर घ्या. नामांकित घराण्यातला जर्मन पाळक आणि विद्वान, 1939मध्ये अमेरिकेत सुखरूप पोचलेला माणूस त्याच वर्षी परत जर्मनीला गेला, हिटलरविरोधी कटाशी जोडला गेला. 1944मध्ये तुरुंगातून त्याने ‘मी कोण आहे?’ असं विचारणारी कविता लिहिली. लोक मला धीराचा समजतात, आतून मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा अस्वस्थ आहे, यातला खरा कोणता? शेवटी तो म्हणतो, मी कोणीही असो, देवा, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे. 9 एप्रिल 1945ला त्याला फाशी दिलं गेलं. या माणसाला निर्णय घेता येत नव्हता, असं म्हणून बघा.

निर्णयांबद्दल. ‘बायबल उघडून बसतात’ हे तुम्ही असं लिहिता, जणू पान उलटलं, बोट ठेवलं आणि उत्तर मिळालं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 15वा अध्याय वाचा, त्यात पहिल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची बैठक आहे. यहुदी नसलेल्यांनी सुंता करावी की नाही यावर यरुशलेमेत खडाजंगी होते. पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल बोलतात, याकोब शास्त्राचा दाखला देतो, आणि मगच पत्रात लिहिलं जातं की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटलं. वादविवाद झाल्यावर, त्याच्याऐवजी नव्हे.

माझ्यापुरतं सांगते. थोरल्या बहिणीशी माझा अबोला होता. चूक तिची, हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. एका सकाळी वाचनात मत्तय 5 आलं: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही. मी ते वाचून पुस्तक मिटलं, चिडून. दुपारी फोन केला. ‘ताई’ एवढंच म्हणता आलं, पलीकडे तीही गप्प. मग तिनेच आईच्या औषधांचं विचारलं आणि तिथून सुरुवात झाली. माझ्या सोयीचा सल्ला मी स्वतःला रोज देऊ शकते, त्यासाठी मला देव लागत नाही.

इतके पंथ आहेत मग खरं कोणाचं, हा तुमचा प्रश्न जुना आहे आणि इथे त्याचा संबंध नाही. मतभेद आहेत, पण शेजाऱ्यावर प्रीती करावी की नाही यावर कुठल्या ख्रिस्ती मंडळीत वाद झालेला मी ऐकला नाही.

‘देव एखाद्या दिवशी काहीच बोलला नाही तर काय करणार?’ असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. बहुतेक दिवस तो वेगळं काही सांगतच नाही. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये हे बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19व्या अध्यायात सांगून झालं आहे. नुकसान झालं तरी दिलेला शब्द फिरवू नये हे 15व्या स्तोत्रात आहे. एवढ्यावर माझा दिवस भरतो.

पुन्हा जरूर लिहा, कडक लिहा. फक्त ‘तुमच्यासारखे लोक’ असं लिहू नका. लेख मी एकटीने लिहिला आहे. माझ्याशी बोला.