आधी ती बाटली नाकापासून लांब ठेव

परवा रात्री पावणेअकराला भाचीचा मेसेज, "मामा, हे खरंय का?" आणि खाली ते ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री ७ दिवसांत खिशात’ वालं फॉरवर्ड, आगीच्या इमोजींसकट. पोरगी एफवायबीएस्सीला आहे, ऑरगॅनिकशी पहिलीच गाठ, आणि पुढच्या गुरुवारी प्रॅक्टिकल. हेच फॉरवर्ड आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलं होतं, तेव्हा वर सरकवून सोडून दिलं. आता घरातच घुसलंय म्हटल्यावर लिहितोच.

त्यातले दावे थोडक्यात. एक, ऑरगॅनिक म्हणजे निव्वळ पाठांतर, ८० नेम रिॲक्शन (शोधणाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिॲक्शन) घोका आणि मेकॅनिझमला, म्हणजे रिॲक्शन पायरीपायरीने कशी होते त्याला, हात लावू नका. दोन, मेकॅनिझम दाखवायचे ॲरो कुठूनही कुठेही काढा, मार्क प्रॉडक्टला असतात. तीन, प्रॅक्टिकलला टेस्ट करत बसू नका, बाटली उघडून दीर्घ श्वास घ्या, दिलेलं अनोळखी कंपाउंड वासावरून कळतं. चार, ऑरगॅनिक म्हणजे निसर्गातलं, त्यामुळे फारसा धोका नसतो. पाच, अमेरिकेत पोरांनी तक्रार करून ऑरगॅनिकच्या प्रोफेसरला काढायला लावलं, म्हणजे विषयच भंगार. सहा, मराठी मीडियमवाल्यांनी नाद सोडावा.

सुरुवात तीनपासून करतो कारण तो वाचून माझं डोकंच सटकलं. १७ वर्षं केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला, काढली आहेत, हे "दीर्घ श्वास" कोणी लिहिलंय त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय. बेंझाल्डिहाइडचा वास कसा येतो? कडू बदामासारखा. बरोबर. आता नायट्रोबेंझिनचा? तोही कडू बदामासारखाच! एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि दुसरं श्वासातून जातं, कातडीतूनही जातं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं काही करतं की ते ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही, ओठ आणि नखं निळी पडतात, आणि हे लगेच दिसेल असंही नाही, काही तासांनी घरी जाताना बसमध्ये दिसेल. म्हणजे नाक लावून उत्तर तर मिळालं नाहीच, वर हे. त्यापेक्षा टेस्ट ट्यूबमध्ये डीएनपी (अल्डिहाइड-कीटोन ओळखायचं द्रावण) घे, नमुन्याचे दोन थेंब टाक, बेंझाल्डिहाइड असेल तर पिवळा-नारिंगी साका खाली बसतो, नायट्रोबेंझिन ढिम्म काही करत नाही. बॉइलिंग पॉइंट काढलास तर एकाचा १७९ च्या आसपास, दुसऱ्याचा २११. दहा मिनिटांचं काम आहे.

हां, आता एक कबूल करावं लागेल. आमच्याही जर्नलमध्ये प्रिलिमिनरी टेस्टच्या तक्त्यात रंग, अवस्था आणि वास असा रकाना होता, आणि एस्टर (फळांसारख्या वासाचं कंपाउंड) आला की आम्ही सगळे "फ्रुटी" लिहायचो. वासाने अंदाज येतो हे खोटं नाही. पण तो कसा घ्यायचा? ट्यूब तोंडापासून लांब धरून, हाताने हलकीशी वाफ आपल्याकडे वारून, तेही सरांनी सांगितलं तरच. दीर्घ श्वास प्राणायामाला.

चौथा दावा ह्याचाच चुलतभाऊ. बेंझिनला छान गोडसर वास असतो, अगदी ऑरगॅनिक आहे, आणि डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. ऑरगॅनिक म्हणजे ढोबळमानाने कार्बनची संयुगं, बस. ‘सजीवातूनच मिळतं’ ही कल्पना व्होलर ह्या जर्मन केमिस्टने १८२८ मध्ये लॅबमध्ये युरिया तयार केला तेव्हापासूनच डळमळायला लागली. गंमत बघा, केमिस्ट्रीच्या पुस्तकात युरिया ऑरगॅनिक, आणि गावाकडे ऑरगॅनिक शेती करायची तर पहिली बंद होते ती युरियाची गोणी. शब्द एक, दुकानं दोन.

आता पाठांतर. भाचीला म्हटलं वहीचा फोटो पाठव. प्रोपीन (तीन कार्बनचं, एक डबल बॉन्ड असलेलं) अधिक एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड), प्रॉडक्ट २-ब्रोमोप्रोपेन, उत्तर बरोबर. पण ॲरो काढला होता एच प्लसपासून डबल बॉन्डकडे. अगं, ॲरो म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे गेली ते, आणि एच प्लसकडे इलेक्ट्रॉन आहेच कुठे? ज्याच्या खिशात दमडी नाही तो उसने काय देणार! डबल बॉन्डकडे आहेत, तिथून निघायला हवा. दुसरा दावाही इथेच संपला, कारण ॲरो उलटा असेल तर पुढचा कार्बोकॅटायन (प्लस चार्ज आलेला कार्बन) कुठे बसतो ते कळत नाही, आणि ते कळलं नाही की मार्कोव्हनिकोव्हचा नियम (ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, त्यावरच नवा हायड्रोजन जातो) नुसता मंत्र होतो.

मग विचारलं, ह्यातच पेरॉक्साइड टाकलं तर? म्हणाली १-ब्रोमोप्रोपेन, तो अपवाद पाठ आहे. आणि एचसीएलला? गप्प.

ह्या ‘अपवादाने’ भल्याभल्यांना घोळात घेतलं होतं. ॲलाइल ब्रोमाइडवर (प्रोपीनसारखाच डबल बॉन्ड, शेवटी एक ब्रोमिन) एचबीआर टाकलं की कधी एक प्रॉडक्ट, कधी दुसरं, कधी दोघांची खिचडी, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. शिकागो विद्यापीठात केमिस्ट खराश आणि त्यांचा विद्यार्थी मेयो ह्यांनी त्याचा छडा लावला, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३३ चा पेपर आहे, शक्य असेल त्याने काढून बघावा. भानगड बाटलीत होती. ॲलाइल ब्रोमाइडला हवा लागली की त्यात पेरॉक्साइड तयार व्हायचं. हवा लागू दिली नाही तर १,२-डायब्रोमोप्रोपेन, पेरॉक्साइड असेल तर १,३. कारण पेरॉक्साइड असलं की डबल बॉन्डवर आधी एच प्लस येत नाही, ब्रोमिनचा रॅडिकल (एक सुटा इलेक्ट्रॉन असलेला अणू) येतो, तोही अशा जागी बसतो की मागे उरणारा तुकडा जास्त स्टेबल राहील. तत्त्व तेच, फक्त दारात पहिला पाहुणा कोण हे बदललं. एचसीएल आणि एचआयला हे जमत नाही कारण रॅडिकलच्या पायऱ्यांची जी साखळी चालते तिच्यातली एक पायरी त्यांना ऊर्जेच्या हिशोबाने चढाची पडते. एवढं कळलं की तीन ओळी पाठ करायच्या वाचतात आणि ८० च्या यादीतल्या निम्म्या रिॲक्शन एकमेकींच्या बहिणी निघतात.

पाठांतर लागतच नाही असं म्हणत नाही. फंक्शनल ग्रुप, नावं द्यायचे नियम, कोणता रिएजंट काय करतो, कोण किती ॲसिडिक ह्याचे ढोबळ आकडे, हे पाढे आहेत, ते यायलाच हवेत. पण पाढे पाठ म्हणजे गणित आलं असं कोणी म्हणतं का?

पाचवा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. २०२२ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ऑरगॅनिकचे प्रोफेसर मेटलंड जोन्स ह्यांच्या वर्गातल्या साधारण ३५० पैकी ८२ जणांनी मार्क कमी मिळतात वगैरे म्हणून अर्ज दिला आणि पुढे युनिव्हर्सिटीने जोन्स ह्यांना काढलं. पण अर्जात त्यांना काढा अशी मागणीच नव्हती. आणि हा माणूस प्रसिद्ध कशासाठी होता? घोकंपट्टी कमी करून प्रॉब्लेम सोडवायला लावण्यासाठी! फॉरवर्डवाल्याने आपल्याच पहिल्या दाव्याच्या विरोधातला साक्षीदार आणून उभा केलाय.

सहाव्यावर फार शाई घालवत नाही. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम. सहसंयुज बंध शाळेतच कळला होता, कोव्हॅलंट बॉन्ड म्हणजे तोच हे ध्यानात यायला अकरावीचे दोन महिने गेले. कार्बोकॅटायन सगळ्यांनाच तेवढाच परका असतो.

भाचीने काल दुरुस्त केलेली वही पाठवली. ॲरो आता बरोबर निघालाय, कार्बोकॅटायनवर प्लस द्यायला मात्र विसरली. गुरुवारी लिक्विड आलं तर आधी बॉइलिंग पॉइंट काढ म्हटलंय.