‘देखभाल शून्य’ म्हणणाऱ्याला महिनाभर आमच्या खळ्यात बसवा

गिनी कोंबड्या पाळा, साप फिरकत नाही, गोचीड राहत नाही, खर्च नाही, देखभाल शून्य. असं सांगणारा व्हिडिओ नीट बघा. पक्षी लांब कुठेतरी चरताहेत आणि मूळ आवाज बंद करून वर गाणं लावलंय. का लावलंय ते मला विचारा.

आमचे हे नोकरीला ठाण्यात. मोबाइलवर बघून बघून बरेलीच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या जाती त्यांना तोंडपाठ झाल्या. कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी! मग एके शनिवारी खोक्यातून पिल्लं आली, कुडाळजवळच्या आमच्या घरी सोडली गेली, आणि रविवारी रात्रीच्या गाडीने हे परत. आता रोज फोन, "काय म्हणतात आपली पाखरं?" आपली!

काय म्हणतात ते सगळ्या वाडीला ऐकू येतं. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच सुरात. दिसायला दोघं सारखीच, म्हणून ओळखायची ही सोपी खूण, असं मोठ्या कौतुकाने सांगतात. पोस्टमन आला, ओरडा. माडाची झावळ पडली, ओरडा. प्लास्टिकची पिशवी उडाली की अख्खा थवाच बोंबलतो. राखणदार पक्षी म्हणे! अहो, राखणदाराने चोर आला तर ओरडावं, झावळीवर कसलं ओरडता? शेजारच्या काकी गडग्यापाशी येऊन विचारतात, "गो बाय, ह्यो कोंबयो आसत काय भोंगे?" वर त्यांच्या मुलाच्या नव्या गाडीच्या दारात आमच्या नराला दुसरा नर दिसला. चोचीने मारामारी, दारावर ओरखडे. बोलणी मी खाल्ली. ठाण्याहून नुसता हसण्याचा आवाज आला.

सापाचं ऐका. साप दिसला की भोवती कोंडाळं करून कल्ला करतात, बारकासा असेल तर टोचून मारतातही, एवढं खरं. पण सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर धामण येतेच. त्यात या बायांना खुराड्यात अंडी घालायला कमीपणा वाटतो. सगळ्या मिळून करवंदीच्या जाळीत एकाच जागी पंचवीस-तीस अंडी घालून ठेवतात. मला ती जागा सापडेपर्यंत मुंगूस नाहीतर नाग जेवून गेलेला असतो. म्हणजे सापाला हाकलायला आणलेले पक्षी सापालाच पोसताहेत, आणि मी काट्यात हात घालून उरलेली अंडी शोधतेय.

वाचलेली अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावीत, तर तिचा हिशेब २१ दिवसांचा आणि यांना लागतात २६ ते २८. तेवढे दिवस तिची मनधरणी करायची. निघालेली पिल्लं ओल्या गवतात शिरली की गारठून मरतात. अंडी घालायचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. कोकणात जुलैत कोरडं गवत कुठून आणू? घरात, चुलीजवळच्या खोक्यात वाढवते. पिल्लांना २४-२६ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, त्याचं पोतं एसटीतून मीच आणते. खर्च नाही म्हणे!

आणि गोचीड. २०१६ साली दोडामार्गात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाने माणसं आजारी पडली, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात गोचीड बसली. अमेरिकेत १९९२ मध्ये कुणी तरी अभ्यास केला, पक्षी सोडल्यावर हिरवळीवरच्या मोठ्या गोचिडी कमी झाल्या, हे मला फोनवरून वाचून दाखवतात. मोठ्या! माणसाला माकडताप मुख्यतः देते ती जेमतेम दिसणारी, पुरती न वाढलेली गोचीड, आणि ती असते रानातल्या पाल्यात. त्या रानात काजू वेचायला मी जाते, यांची पाखरं नाही जात. गोठ्यातल्या गोचिडी भिंतींच्या फटींत अंडी घालतात, तिथे चोच पोचत नाही. त्या फटी मी लिंपल्या, औषध मी फवारलं. गाईच्या अंगावरची गोचीड कमी झाली तर श्रेय कुणाला? पाखरांना!

वाळवी, नाकतोडे खातात, नाही म्हणत नाही. लाल माठाची कोवळी रोपंही खातात आणि उरलेल्या वाफ्यात धुळीची अंघोळ करतात. "कोंबडीसारखं उकरत नाहीत" हे सांगणाऱ्याने तो वाफा येऊन बघावा.

काल नवीन बेत कळला. अजून वीस आणायची, जोडधंदा होईल. आणा की! फक्त येताना महिन्याची रजा टाकून या. अंधार पडायच्या आत फणसावर चढून बसलेली पाखरं तुम्ही उतरवा, नाहीतर रात्री उदमांजर उतरवतं. काकींशी तुम्ही बोला, जाळीत हात तुम्ही घाला. तेवढे दिवस मी माहेरी जाऊन सकाळी आठपर्यंत झोपणार आहे, आणि फोन बंद ठेवणार आहे.