अक्षतांच्या वेळी चित्र फुटलं, ही चूक आमचीच

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा दिलात आणि तीन गोष्टी लिहिल्यात. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही कन्व्हर्ट करून दिला, तो अक्षता पडताना नुसता चौकोन-चौकोन दिसतो. एका फाइलला दोन दिवस लागले. आणि मूळ फाइल बाबांच्या संगणकावर अडकते म्हटल्यावर आमच्या दुकानातल्या मुलानं ‘बाबांचा संगणक बदला’ म्हणून सांगितलं. तयार फाइलची प्रत आम्ही महिनाभर ठेवतो, त्यामुळे काल रात्री दुकान बंद केल्यावर मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

चित्र खरंच फुटतंय. गणपतीपूजन स्वच्छ दिसतं, ‘शुभमंगल सावधान’ झालं आणि अक्षता उडाल्या की नवरा-नवरीचे चेहरेच हरवतात. व्हिडिओ लहान करताना प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारं प्रत्येक स्थिर चित्र, पूर्ण साठवली जात नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः साठवलं जातं. पूजेत बदल थोडा असतो. अक्षतांच्या वेळी मात्र पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका हलतो, तिथे जास्त डेटा लागतो. आमच्या मुलानं सगळ्या व्हिडिओला सरसकट सेकंदाला दीड मेगाबिटचा बिटरेट (दर सेकंदाला वापरायचा डेटा) लावला, म्हणून दोन तासांची फाइल १.३ जीबीत बसली. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता, त्यावर एक फाइल ४ जीबीपर्यंत चालते, म्हणजे इतकी पिळायची गरजच नव्हती. शिवाय त्यानं फक्त सुरुवातीची दोन मिनिटं तपासली. त्याला शिकवणारा मी, त्यामुळे हा दोष माझाच.

वेळेचं म्हणाल तर मूळ फाइल ४के, सेकंदाला ५० फ्रेमची आहे. दोन तासांच्या ३ लाख ६० हजार फ्रेम होतात. प्रत्येक उलगडायची, लहान करायची, पुन्हा बांधायची. आमच्या मशिनवर याला चार-पाच तास लागतात. उरलेला वेळ लग्नसराईच्या रांगेत गेला. हे पेनड्राइव्ह घेतानाच सांगायला हवं होतं.

संगणक बदलायचा सल्ला मला पटलेला नाही. ‘व्हीएलसीत सगळं चालतं’ असं तुम्ही लिहिलंय. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरला मूळ फाइल वाचता येते हे खरं, पण उलगडायचं काम शेवटी प्रोसेसरलाच करावं लागतं. ती १०-बिट एचईव्हीसी आहे, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या आणि उलगडायला जड पद्धतीची. ते मानक २०१३ चं, बाबांचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर त्याच्याही आधीचा, आणि बोर्डावरच्या ग्राफिक्सला ते येत नाही. म्हणून आवाज पुढे पळतो आणि चित्र अडकून बसतं. रॅम वाढवूनही हे सुटणार नाही, त्यावर कुठेही पैसे घालू नका. पण तोच व्हिडिओ एच.२६४ या जुन्या, हलक्या पद्धतीत, ७२०पी (४केपेक्षा लहान चित्र) आणि सेकंदाला २५ फ्रेम करून दिला तर ते मशिन तो आरामात चालवतं. बाबांचा संगणक आहे तसाच राहू द्या.

तुमचे पैसे आज परत करतो आणि फाइल नव्यानं करून देतो, त्याचे काही घेणार नाही. एकच विनंती: आम्ही दिलेली प्रत नको, व्हिडिओवाल्यानं दिलेली मूळ फाइल आणा. आमच्या प्रतीतून जे गेलं ते पुन्हा कन्व्हर्ट करून परत येत नाही, आणि मूळ फाइल मोठी असल्यानं काम झाल्यावर आम्ही पुसून टाकतो. या वेळी ठरावीक बिटरेट न लावता हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आरएफ २० वर, म्हणजे चित्राचा दर्जा ठरवून, करतो, म्हणजे जिथे हालचाल जास्त तिथे डेटाही जास्त मिळेल. फाइल ४ जीबीच्या वर गेली तर मंगलाष्टकांपर्यंत एक आणि पुढची दुसरी अशा दोन करतो.

मिरजेहून सांगलीला पुन्हा हेलपाटा नको. रविवारी दुपारी मीच येतो, मूळ फाइल हार्ड डिस्कवर घेऊन जातो आणि तयार झाली की बाबांच्याच संगणकावर लावून देतो. अक्षतांचा भाग त्यांना दाखवल्याशिवाय उठणार नाही.