जरा साइड दिली असती तर

‘‘याने त्याला साइड का दिली नाही?’’ मामांनी विचारलं, तेव्हा सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

चूक माझीच. रविवारी दुपारी सगळे घरात, बाहेर पाऊस, आणि मला ‘ड्युएल’ दाखवायची हौस. १९७१ साली अमेरिकेत टीव्हीसाठी केलेला सिनेमा. एक फिरता विक्रेता, त्याची लाल गाडी, कॅलिफोर्नियातले उजाड रस्ते आणि विनाकारण त्याच्या जिवावर उठलेला एक जुनाट टँकर. बस, एवढंच. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा २४ वर्षांचा होता आणि चित्रीकरण जेमतेम दोन आठवड्यांत उरकलं होतं, हेही मी कौतुकाने सांगितलं.

‘‘आपल्या बाथरूमच्या फरशीला सव्वा महिना लागला,’’ बायको म्हणाली. पुढे ती बराच वेळ त्या फरशीवरच होती.

मामा एसटीतून निवृत्त झालेले चालक. स्वारगेट–महाबळेश्वर करून करून पसरणी घाटाचं प्रत्येक वळण त्यांना पाठ. त्यामुळे टँकरवाला हात दाखवून नायकाला ‘पुढे जा’ म्हणतो आणि समोरून गाडी येते, या प्रसंगाला माझ्या अंगावर काटा आला. मामांना राग आला. ‘‘दुसऱ्याने हात दाखवला म्हणून ओव्हरटेक करतात का रे? लायसन दिलं कोणी याला?’’

टँकरच्या पुढच्या बंपरवर पाच-सहा नंबरप्लेटा आहेत. मी आवाज खाली आणून म्हणालो, ‘‘आधी ज्यांना मारलं, त्यांच्या असतील.’’

‘‘छे! तेवढ्या राज्यांचा टॅक्स भरला असेल. कागदपत्रं चोख आहेत माणसाची.’’

झालं. खुनी म्हणून ज्याची भीती घालायची, तो दहा मिनिटांत कर भरणारा सज्जन ठरला.

टँकरवाल्याचा चेहरा सिनेमाभर दिसत नाही. दिसतात ते बूट आणि खिडकीबाहेर आलेला हात. भीती आहे ती त्यातच, असं मी समजावत होतो. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ‘‘नट घ्यायला पैसे नसतील रे त्यांच्याकडे.’’ ही कथा लिहिणाऱ्या रिचर्ड मॅथेसनच्या मागे १९६३ साली, केनेडींचा खून झाला त्याच दिवशी, खरंच एक ट्रक लागला होता, असं मी सांगितलं. (कथा आधी ‘प्लेबॉय’ मासिकात छापून आली, ते आईसमोर सांगितलं नाही.) आईला फक्त केनेडींचं वाईट वाटलं.

त्याआधी नायकाने बायकोला फोन केला होता. आदल्या रात्री पार्टीत कोणीतरी तिच्याशी लगट केली आणि हा गप्प बसला, म्हणून ती रागावलेली.

‘‘तिच्यासाठी तोंड उघडलं नाही आणि आता ट्रकशी भांडतोय,’’ बायको म्हणाली. मी पाहिलं तर ती पडद्याकडे बघत नव्हती. मी बघत राहिलो.

पुढे शाळेची बंद पडलेली बस ढकलायला नायक जातो आणि स्वतःच अडकतो. नंतर टँकर येऊन तीच बस अलगद ढकलून देतो. आईने निकाल दिला, ‘‘बघ, पोरांना मदत केली. तुझा हिरोच किरकिऱ्या आहे.’’ चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर करून ‘‘मी टीम ट्रक’’ एवढंच जाहीर केलं.

पण मामांचा जीव अडकला होता तो होज पाइपमध्ये. सुरुवातीलाच पेट्रोलपंपावरचा पोरगा नायकाला सांगतो, रेडिएटरचा पाइप बदला. हा म्हणतो, नंतर बघू. तेव्हापासून मामा दर पाच मिनिटांनी ‘‘पाइप बदलला का?’’ विचारत होते. अखेर चढावर पाइप दगा देतो, गाडी वाफ सोडू लागते, टँकर जवळ येतोय, माझ्या मुठी वळलेल्या... आणि मामा टाळी देत ओरडले, ‘‘सांगितलं होतं की नाही त्या पोराने!’’ त्यानंतर नायक न्यूट्रलवर उतार उतरला, तेव्हा मामांनी त्याच्याशी उरलेले संबंधही तोडले.

शेवटी टँकर दरीत कोसळतो. टाकीवर ठळक ‘ज्वालाग्राही’ लिहिलेलं, तरी स्फोट होत नाही. वाहिनीला स्फोट हवा होता, पण दिग्दर्शक बधला नाही, त्याला त्या धुडाचा संथ मृत्यू दाखवायचा होता, असं मी भारावून सांगत होतो.

‘‘खाली गाडी होती,’’ मामा म्हणाले. ‘‘लोड असती तर चढाला अशी पळाली असती का?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर मामा माझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभे. ‘‘हा होज पाइप बघ, चिरा पडल्यात. आजच बदल.’’

ऑफिसला उशीर होत होता. ‘‘नंतर बघू, मामा,’’ मी म्हणालो आणि तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर गप्प झालो.

मामांनी बॉनेट उघडंच ठेवलं आणि किल्ली मागायला हात पुढे केला.