प्रत्यय असले म्हणून शब्द कुठेही ठेवता येत नाहीत

सोलापुरात मराठीच्या शिकवणीवाल्यांत आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांत एक मजकूर सारखा फिरतो आहे: ‘मराठीला विभक्तिप्रत्यय आहेत, म्हणून वाक्यातले शब्द कसेही फिरवा, अर्थ तोच राहतो. इंग्रजीला प्रत्यय नाहीत, म्हणून तिथे क्रम पक्का. प्रत्यय जितके जास्त तितका क्रम मोकळा.’ पुरावा म्हणून ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य सहा प्रकारे फिरवून दाखवलं आहे.

‘कसेही फिरवा.’

हे उदाहरण खरं आहे, पण सोयीचं आहे. त्यात एका नामाला ‘ने’ आहे, दुसऱ्याला ‘ला’. मराठीत निर्जीव कर्माला ‘ला’ सहसा लागत नाही आणि साध्या वर्तमानकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही. मागावरचं वाक्य घ्या, ताणा म्हणजे उभा धागा आणि बाणा म्हणजे आडवा: ‘ताणा बाणा धरतो.’ आता शब्द उलटे करा: ‘बाणा ताणा धरतो.’ दोन्ही नामं पुल्लिंगी, एकवचनी, दोन्ही मूळ रूपात. धरणारा कोण हे इथे फक्त क्रमावरून कळतं. आता एका जागी ‘वीण’ घाला. ‘बाणा वीण धरतो’, ‘वीण बाणा धरतो’. दुसरं वाचताना जरा अडखळायला होतं, पण ‘धरतो’मुळे कर्ता बाणाच हे कळतं. म्हणजे ही मोकळीक विभक्तीने दिलेली नाही, क्रियापदाच्या लिंगाने दिली.

स्वतः तपासायचं तर एकाच लिंगाची, एकाच वचनाची दोन निर्जीव नामं घ्या, क्रियापद वर्तमानकाळात ठेवा, नामांची अदलाबदल करा आणि दुसऱ्याला विचारा, ‘कोणी काय केलं?’ ‘वारा पाऊस आणतो’ यावर लगेच करून बघा.

‘अर्थ तोच राहतो.’

‘आईने चादर आणली’ हे ‘आईने काय आणलं?’ याचं उत्तर. ‘चादर आईने आणली’ हे ‘चादर कोणी आणली?’ याचं. क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर सहसा जोर पडतो. प्रत्यय तेच राहिले, तरी बोलण्याचा रोख बदलला. आणि प्रत्यय म्हणजे कर्माला लावलेली नुसती पाटी नव्हे. ‘त्याने मुलगी पाहिली’ म्हटलं की स्थळ बघितलं असं समजतात. ‘त्याने मुलीला पाहिलं’ म्हणजे ती नजरेस पडली. ‘ला’ आल्याबरोबर क्रियापदही ‘पाहिली’चं ‘पाहिलं’ झालं, हेही बघण्यासारखं आहे.

नामाच्या आसपास तर मोकळीक जवळजवळ नाहीच. ‘जुन्या वाड्याचा दरवाजा’ यात ‘जुन्या’ या रूपावरून ते विशेषण वाड्याचं हे कळतं. मग ‘वाड्याचा जुन्या दरवाजा’ चालायला हवं होतं. चालत नाही. लॅटिनमध्ये मात्र ‘मॅग्ना कुम लाउदे’ चालतं: विशेषण एकीकडे, नाम दुसरीकडे, मध्ये शब्दयोगी.

‘प्रत्यय जितके जास्त...’

आइसलँडिकला चार विभक्ती आहेत, तरी साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी लागतं. बल्गेरियन नामांच्या विभक्ती जवळजवळ गेल्या, तरी क्रम बराच मोकळा. तिथे क्रियापदाचं रूप आणि कर्मासाठी पुन्हा येणारं छोटं सर्वनाम काम भागवतं. इंग्रजीत ‘ही’ (तो) आणि ‘हिम’ (त्याला) वेगळे आहेत, पण म्हणून ‘हिम’ वाक्याच्या सुरुवातीला सहज येऊन बसत नाही.

रूप आणि क्रम यांचा संबंध आहे, पण तो या मजकुरातला नव्हे. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये 30 भाषांच्या आधारे मांडलं की ज्या भाषांत क्रियापद कर्ता-कर्मानंतर येतं, त्यांत जवळजवळ नेहमी विभक्तिव्यवस्था असते. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही तशाच आहेत. क्रम किती मोकळा, याबद्दल त्या नियमात काही नाही.

आपल्या शहरात हे वर्गातच दिसतं. घरी कन्नड बोलणारं मूल ‘तिने आंबा खाल्ली’ म्हणतं. क्रम अगदी बरोबर, कारण कन्नडातही ‘अवळु हण्णु तिंदळु’ (ती, फळ, खाल्लं) असाच क्रम आहे. पण तिथे ‘तिंदळु’ खाणारीप्रमाणे बदलतं. मराठी भूतकाळात क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जातं. त्या मुलाला शब्दक्रमाचा धडा देऊन उपयोग नाही. कर्ता ‘तिने’च ठेवावा आणि फक्त कर्म बदलत म्हणून घ्यावं: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. मग कर्ता ‘त्याने’ करून तेच तीन पुन्हा.