गोष्टीवर पोट भरणारे आधीही होतेच

'मुंबईत गोष्ट सांगून पोट भरणारी मंडळी गेल्या दहा-पंधरा वर्षांतच दिसू लागली' हे मुंबईतल्या तरुण गोष्ट सांगणाऱ्या कलाकारांवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. गिरगाव-दादरच्या देवळांत कीर्तनकार बुवा पिढ्यानपिढ्या दुसरं काय करत होते? माझे आजोबा एका बुवांना तबल्याची साथ करायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो ते उत्तररंगासाठी, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागातल्या आख्यानासाठी, गोष्टीसाठी. पूर्वरंगातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, निरूपण डोक्यावरून जायचं, खरं सांगायचं तर झोपच यायची. मग मध्ये भजन, बुवांच्या गळ्यात हार, कपाळाला बुक्का, आणि आख्यान सुरू झालं की आजीच्या मांडीवरून ताडकन उठून बसायचो.

आणि हा धंदाच होता हो, त्यात कमीपणा कसला! बिदागी, म्हणजे बुवांचं मानधन, आधी ठरायची. शेवटी आरतीचं तबक फिरायचं, त्यात पडलेली चिल्लर बुवा घरी येऊन मोजायचे आणि साथीदारांचा वाटा काढून द्यायचे. चातुर्मासात सलग कामं, नंतर काही महिने नुसती ओढाताण. समोर म्हाताऱ्या बायका जास्त की मिलचे कामगार, हे बघून बुवा तेच आख्यान अर्ध्या तासात आटपायचे नाहीतर दीड तास रंगवायचे. लेखातल्या तरुण कलाकारांबद्दल आकस नाही, कॅफेतला एक कार्यक्रम मीही तिकीट काढून ऐकलाय, आवडला. फक्त त्या मुलाने मोबाईलमध्ये बघून गोष्ट सांगितली. आमच्या बुवांच्या हातात झांजेशिवाय काही नसायचं.